'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे सर्व्ह की सर्व्हिंग? बोर्ड रंगवून झालाय, मदत करा

वेळासची_सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न एवढासा आहे पण दोन दिवस डोक्यात भुंगा लागलाय म्हणून शेवटी इथे टाकतेय, हसू नका.

आमचं वेळासला घर आहे, कासवांच्या सीझनला पाहुणे ठेवतो, चार खोल्या, जेवण घरचंच. आत्तापर्यंत सगळे पुण्या-मुंबईचे यायचे, फोनवर मराठीत बोलणं, गुगल पे, संपला विषय. या वर्षी पहिल्यांदाच एका जर्मन जोडप्याचा मेल आला, मार्चमध्ये येतायत पिल्लं बघायला. मी आपलं जमेल तसं उत्तर लिहिलं, मंडणगडपर्यंत एसटीने या, पुढे आम्ही रिक्षा पाठवतो, शाकाहारी आहात का वगैरे, आणि शेवटी ती एक ओळ टाकली जी सगळीकडे बघितलेली असते, 'वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. त्यांचं उत्तर आलं, अगदी गोड, थँक्यू-बिंक्यू, आणि खाली शेवटची ओळ, 'वी आर ऑल्सो लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'.

मीटिंग! मला आधी वाटलं यांना माझ्याशी मीटिंग करायचीये की काय, झूमवर-बिमवर, आमच्याकडे तर रेंज फक्त विहिरीजवळ येते. मग परत वाचलं तेव्हा ट्यूब पेटली की ही माझीच ओळ आहे, फक्त मीटच्या जागी मीटिंग.

आता जर्मनांची पण मातृभाषा इंग्लिश नाही, त्यामुळे तेच चुकले असतील असं धरून मी गप्प बसले असते. पण भानगड अशी की दिवाळीच्या आधी आम्ही फाटकाजवळ बोर्ड रंगवून घेतलाय, माडाच्या चित्राखाली हे मोठ्या अक्षरात 'वी लुक फॉरवर्ड टू सर्व्ह यू', आणि दापोलीहून पाचशे पत्रकं छापून आणलीत त्यावरही तेच. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

शाळेत मला शिकवलंय की टूच्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप. टू गो, टू ईट, टू सर्व्ह. पाचवीपासून एबीसीडी गिरवलेली पिढी आमची, बाकी काही आलं नाही तरी हा नियम पाठ. शिवाय एकाच वाक्यात आधी लुकिंग आणि परत मीटिंग, दोनदा आयएनजी, कानाला कसंतरीच लागतं. तर बरोबर काय आणि का? नुसतं 'असंच असतं' नको, ते आमचे भाचे पण सांगतात.

देवगडचो_झिलगो:

ताईनु, ह्यो प्रश्न माका पण पडललो. मालवणीत लिवलंय तर अर्धे पळतले म्हणून मराठीत लिहितो.

माझ्या मते तुमचंच बरोबर. टूच्या पुढे कधीच आयएनजी येत नाही, हे आमच्या सरांनी छडी घेऊन शिकवलंय. आमची हापूसची बाग आहे, २०१८ला जीआय टॅग मिळाला तेव्हापासून बाहेरच्या पार्ट्या स्वतःहून विचारायला लागल्या, मेल मीच लिहितो. एका पार्टीचे मागच्या सीझनचे पैसे अडकलेत तर त्यांना दर सोमवारी लिहितो 'लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर पेमेंट'. आजपर्यंत कोणी चूक काढली नाही. बोर्ड बदलू नका, पाचशे पत्रकं म्हणजे काय कमी पैसे नाहीत.

बोटीवरचा_बाबू:

झिलग्या, तुझी चूक कोणी काढली नाही कारण पैसे द्यायचे नाहीत म्हणून तो मेलच उघडत नसेल 😂

ताई, मीटिंगच बरोबर आहे, जर्मन चुकलेले नाहीत. मी दाभोळचा, मर्चंट नेव्हीत १४ वर्षं झाली, कंपनीचे एजंटचे रोज ढीगभर मेल वाचतो. सगळे जण 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असंच लिहितात. 'टू हिअर' लिहिणारे पण आहेत पण ते आपल्यातलेच, मी पण त्यातलाच होतो, एका फिलिपिनो चीफ ऑफिसरने सांगितलं तेव्हा सुधारलो. का ते मला विचारू नका, त्यालाही माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर बोटीवर इंग्लिशचं आम्हाला टेन्शनच नाही. आयएमओने, म्हणजे जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००१ साली ठरवून दिलेली वाक्यं आहेत, एसएमसीपी म्हणतात, व्हीएचएफ रेडिओवर तीच बोलायची, ज्याची भाषा कुठलीही असो. त्यात मे, माइट, शुड, कुड असले शब्द टाळायला सांगितलेत कारण समोरच्याला नक्की काय ते कळत नाही आणि तिथे न कळणं म्हणजे बोटीवर बोट. लुकिंग फॉरवर्ड वगैरे गोडवा फक्त मेलमध्ये. विषय सोडून लिहिलं, सॉरी, मास्तरलोक कोणी असतील तर त्यांनी 'का' चं बघा.

निवृत्त_मास्तरीण:

मी आहे. रत्नागिरीत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, दरवर्षी पत्रलेखनात निम्म्या वर्गाची हीच चूक, तेव्हा सूनबाई तुम्ही एकट्या नाही. आणि दोष तुमचा नाहीच, आमचा आहे. आम्हीच फळ्यावर 'टू अधिक मूळ रूप' असं लिहून त्याला रंगीत खडूने चौकोन करतो आणि पुढचं सांगायच्या आत तास संपतो.

पुढचं असं की इंग्रजीत टू दोन आहेत. दिसायला जुळे, कामं वेगळी. एक टू क्रियापदाच्या गळ्यात बांधलेला, टू गो, टू सर्व्ह. त्याच्यापुढे मूळ रूप, हे तुमचं पाठांतर बरोबर आहे. दुसरा टू म्हणजे आपण शब्दाला 'ला' किंवा 'कडे' लावतो तसला, फक्त इंग्रजीत तो शब्दाच्या आधी येऊन बसतो. टू दापोली म्हणजे दापोलीला, टू द बीच म्हणजे किनाऱ्याकडे. लुक फॉरवर्ड टू मधला टू हा दुसरा. तो पुढच्या क्रियापदाचा नाहीच, तो मागच्या लुक फॉरवर्डला चिकटलेला आहे, तिन्ही शब्द एका दोऱ्यात ओवलेत असं समजा.

आता 'ला' काय किंवा 'कडे' काय, ते नामालाच लागणार. म्हणून 'वी लुक फॉरवर्ड टू युअर व्हिजिट' लिहिलंत तर काहीच करायला लागत नाही, व्हिजिट नामच आहे. पण नामाच्या जागी क्रियापद आणून बसवायचं असेल तर त्याला आधी नाम करून घ्यायचं, आणि इंग्रजीत ते करायची पद्धत म्हणजे आयएनजी. मीटचं मीटिंग म्हणजे 'भेटणं'. तुमची झूमवाली मीटिंग पण तिथूनच आलीये बघा, भेटणं या क्रियेचंच नाव.

हे परकं वाटत असेल तर मराठीत करून बघा. 'आम्ही तुम्ही येता वाट बघतो' असं कोणी बोलतं का? आपण म्हणतो 'तुमच्या येण्याची वाट बघतो'. येणे या क्रियापदाला आपण आधी 'येणं' करतो, मग त्याला 'ची' लावतो. वाट बघणेला आपण कधी नुसतं क्रियापद जोडतच नाही. इंग्रजी तेच करतंय.

दोनदा आयएनजी खटकतं म्हणालात, ते कानाचं आहे, व्याकरणाचं नाही. लुकिंगचा आयएनजी काळ दाखवतो, 'बघतोय' मधला 'तोय' म्हणा. मीटिंगचा आयएनजी नाम करतो, 'भेटण्याची' मधला 'ण्या'. मराठीत दोन्ही वेगळे दिसतात म्हणून खटकत नाहीत, इंग्रजीत एकाच छापाचे आहेत. आणि तरीही नको असेल तर तुमच्या बोर्डावर आहे तसं 'वी लुक' ठेवा, एक आयएनजी आपोआप गेला. बोर्डावर, ऑफिसच्या पत्रात 'वी लुक' जास्त भारदस्त दिसतं, मेलमध्ये ओळखीच्या माणसाला 'वी आर लुकिंग' मोकळं वाटतं.

बोर्डावर 'सर्व्हिंग' करून घ्या. पेंटरला मात्र कागदावर लिहून द्या, शेवटची ई काढून मग आयएनजी, नाहीतर तो ई तशीच ठेवून पुढे जोडेल.

झिलगो, तुझं 'फॉर' पण चूक. या प्रयोगात फॉर कधीच येत नाही. आणि मुळात उधारीच्या मेलमध्ये हा प्रयोग शोभत नाही. मराठीत वाट कसलीही बघतात, एसटीची, निकालाची, वसुलीची. लुक फॉरवर्डमध्ये आनंद आहे, सणाची वाट बघितल्यासारखा. तू त्या माणसाला दर सोमवारी कळवतोयस की तुझ्या पैशाच्या विचाराने मी हरखून गेलोय. 'वी आर वेटिंग फॉर युअर पेमेंट' लिही, किंवा जरा कडक पाहिजे तर 'वी अवेट युअर पेमेंट'. वेटला फॉर लागतो, अवेटला लागत नाही, तेवढं सांभाळ.

देवगडचो_झिलगो:

बाई, हरखून गेलोय वाचून माझा चहा सांडला. आजच बदलतो.

शंकासुर:

मास्तरीणबाई, शिमगा लांब आहे पण मला राहवत नाही.

तुमची मराठीची युक्ती मी लगेच वापरून बघितली. 'मला कासव बघण्याची इच्छा आहे.' बघणेचं बघणं झालं, त्याला 'ची' लागली, म्हणजे तुमच्या हिशोबाने नाम. मग इंग्लिशमध्ये 'आय हॅव अ विश टू सीइंग द टर्टल' पाहिजे. पण ते तर 'टू सी' असतं! अजून एक, 'भेटण्याचं ठरवलं', 'वी डिसायडेड टू मीट', मराठीत ण्या, इंग्लिशमध्ये मूळ रूप. म्हणजे मराठीत ण्या दिसला की तिकडे आयएनजी हे काही खरं नाही. मग हा दुसरा टू ओळखायचा कसा? जुळे आहेत म्हणता, तर मग कोणाच्या गालावर तीळ आहे ते सांगा.

निवृत्त_मास्तरीण:

शंकासुरा, मान्य. वर्गात असतास तर तुला मॉनिटर केलं असतं म्हणजे गप्प बसला असतास. मराठीचं उदाहरण 'हे असं का' ते पटायला दिलं होतं, मोजायची पट्टी म्हणून नाही. मी ते नीट सांगायला हवं होतं.

तीळ असा शोधायचा. टूच्या पुढचं सगळं काढून टाका आणि तिथे 'इट' ठेवा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट', वाक्य उभं राहिलं, म्हणजे हा नामवाला टू, क्रियापद आलं तर आयएनजी लावा. 'आय वाँट टू इट', पडलं. 'वी डिसायडेड टू इट', पडलं. म्हणजे तिथे मूळ रूप. हा इट म्हणजे 'ते' या अर्थाचा बरं का, आयटी इट. खायचा ईट नव्हे, नाहीतर 'आय वाँट टू ईट' एकदम बरोबर आहे आणि सगळे जेवायला उठतील.

या पट्टीत बसणारे बरेच निघतात. 'आय ऑब्जेक्ट टू इट', म्हणून 'आय ऑब्जेक्ट टू पेइंग'. 'इन अ‍ॅडिशन टू इट', म्हणून 'इन अ‍ॅडिशन टू कुकिंग, शी रन्स द होमस्टे'. सरकारी पत्रात 'प्रायर टू' येतं तेही, 'प्रायर टू सबमिटिंग द फॉर्म'. आणि सगळ्यात फसवा म्हणजे यूज्ड टू, कारण त्यात दोन्ही टू येतात. 'आय यूज्ड टू वेक अप अर्ली' म्हणजे पूर्वी मी लवकर उठायचे, आता नाही. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, आजही उठते. मागे अ‍ॅम, इज, आर, वॉज यातलं काही आलं की अर्थ बदलला आणि टू पण बदलला. निवृत्त झाल्यावर मी एका जुन्या विद्यार्थ्याला पहिलं वाक्य लिहायच्या जागी दुसरं लिहून पाठवलं आणि तो बिचारा सकाळी साडेपाचला फोन करायला लागला.

शंकासुर:

साडेपाचचा फोन 😂 पण बाई अजून एक काढतो, रागावू नका. 'आय अ‍ॅग्री टू इट' चालतं, बरोबर? करारात असतं, 'टू धिस', 'टू द टर्म्स'. तुमच्या पट्टीने 'ही अ‍ॅग्रीड टू पेइंग' व्हायला पाहिजे. पण सगळे 'ही अ‍ॅग्रीड टू पे' लिहितात.

निवृत्त_मास्तरीण:

बरोबर धरलंस, माझी पट्टी तिथे चुकते. अ‍ॅग्रीला दोन्ही टू चालतात, नाम आलं तर नामवाला, क्रियापद आलं तर क्रियापदवाला. प्रिफर पण त्याच घरातला, 'आय प्रिफर टी टू कॉफी' आणि 'आय प्रिफर टू ड्रिंक टी'. असे थोडे सोडले तर पट्टी चालते, आणि लुक फॉरवर्डला तर कधीच दगा देत नाही.

मुळात अशा वेळी माझ्यासारखीला विचारू नये, कोश उघडावा. पण साधा इंग्रजी-मराठी कोश नाही, त्यात अर्थ मिळतो, पुढे काय जोडायचं ते मिळत नाही. ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी आहे ती घ्या, फोनवर फुकट दिसते. ती ज्यांनी सुरू केली ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, १९४२ साली त्यांचा कोश पहिल्यांदा तिकडेच निघाला आणि १९४८ला ऑक्सफर्डने घेतला. त्यांचा सगळा भर यावरच की क्रियापदापुढे काय येतं ते परदेशी विद्यार्थ्याला दाखवायचं. त्यामुळे लुक फॉरवर्ड टू शोधलंत की तिथे 'समथिंग' आणि 'डुइंग समथिंग' असे दोन साचे दिसतात, 'डू समथिंग' नाही. विषय मिटला.

बोटीवरचा_बाबू:

बाई मला हे १४ वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर फिलिपिनोसमोर लाज गेली नसती.

सावित्रीकाठचा:

बाणकोटहून. सगळं व्याकरण वाचलं, छान आहे, पण सूनबाईंना एक वेगळंच सांगायचंय जे व्याकरणाच्या आधी यायला पाहिजे.

तुम्ही त्या जर्मन लोकांना पुढच्या मेलमध्ये 'लुकिंग फॉरवर्ड टू शोइंग यू द टर्टल्स' असं लिहाल, आयएनजी लावून, शंभर टक्के शुद्ध. आणि फसाल. कारण लुक फॉरवर्ड टू म्हटलं की ती गोष्ट होणार हे धरलेलं असतं, फक्त ती यायची बाकी आहे. पाहुणे येणार आहेत, तिकीट काढलंय, तिथे लुक फॉरवर्ड ठीक. पण पिल्लं त्याच दिवशी निघणार हे कोण सांगणार? तुम्हाला मी सांगायला नको, वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ला काम चालू केलं तेव्हापासून गावातल्या पोरालाही माहितीये की ऑलिव्ह रिडलेचं घरटं ४५ ते ६० दिवसांत कधीही फुटतं, वाळू किती तापली त्यावर सगळं. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर कधी चाळीस पिल्लं, कधी दोन, कधी नुसती वाळू. मुंबईचे लोक पण रुसतात, तर सहा-सात हजार किलोमीटरवरून... अंदाजे म्हणतोय... आलेल्याचं काय.

म्हणून तिथे लिहा 'वी होप टू शो यू द टर्टल्स'. होप म्हणजे आशा आहे, हमी नाही. आणि गंमत म्हणजे तिथे मूळ रूपच येतं, होप टू शो, बाईंची इटवाली पट्टी लावून बघितली, 'वी होप टू इट' पडतं. म्हणजे शाळेतला नियम तिथे वापरून घ्या, हौस भागेल.

वेळासची_सून:

अरे देवा, नेमकं हेच वाक्य ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलं होतं, 'टू शो यू टर्टल्स'. व्याकरण पण चूक आणि गॅरंटी पण चूक. बदललं. आता असं आहे: 'वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू इन मार्च. वी होप टू शो यू द टर्टल्स, बट नेचर डिसाइड्स.' शेवटचं माझं मीच घातलं.

मास्तरीणबाई, येण्याची वाट हे एकदम डोक्यात बसलं. आत्ता सुपारी सोलता सोलता सासूबाईंना समजावून सांगितलं, त्यांना इंग्लिश येत नाही पण त्या म्हणाल्या बरोबर आहे, 'ये वाट बघते' असं कोण बोलतं. म्हणजे बोर्डाचं पण कळलं त्यांना आता. पेंटरला परत बोलवायचं म्हटल्यावर मात्र सोलायची थांबल्या.

एक विचारू, 'वी लुक फॉरवर्ड दॅट यू विल कम' असं चालतं का? म्हणजे आयएनजीची भानगडच नको.

रिटायर_कारकून:

नाही चालत. 'होप दॅट यू विल कम' चालतं, लुक फॉरवर्डला दॅट जोडता येत नाही. 'टू युअर कमिंग' म्हणावं लागेल, ते जुनाट वाटतं, त्यापेक्षा 'टू युअर व्हिजिट' बरं.

मी कोर्टात पस्तीस वर्षं टायपिंग केलं, तर थोडं पत्राच्या शेवटाबद्दल. आमच्या वेळी साहेब लोक डिक्टेट करायचे, 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', पुढे स्वल्पविराम, मग खालच्या ओळीत 'आय रिमेन', परत स्वल्पविराम, आणि मग 'युअर्स फेथफुली'. म्हणजे ते सगळं एकच वाक्य होतं, कर्ता तो खालचा आय. आता रिमेन गेलं, युअर्स पण अर्धा गेला, आणि वरचं लुकिंग एकटंच लोंबकळत राहिलं. मित्राला लिहिताना काही हरकत नाही. पण बँकेला, कलेक्टर ऑफिसला लिहिताना सुरुवातीला 'आय' किंवा 'वी' घाला आणि शेवटी पूर्णविराम द्या, वाक्य पूर्ण दिसतं. तर्खडकरी इंग्रजी म्हणून आम्हाला हसतात लोक, पण आमचं वाक्य कधी लोंबकळलं नाही.

आणि पत्रकांचं म्हणाल तर पाचशे फाडू नका. 'सर्व्ह यू' एवढ्यावरच एक छोटी चिठ्ठी चिकटवा, 'युअर व्हिजिट' छापलेली. ई काढायचा प्रश्नच नाही.

वेळासची_सून:

काका, चिठ्ठीची आयडिया भारी. नवऱ्याने आणि मी दोन रात्री पडवीत बसून चिकटवल्या, पाचशेपैकी साडेतीनशे झाल्या, बाकी पुढच्या महिन्यात.

बोर्डाचं आता ऐका. पेंटर आज सकाळी आला. मास्तरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी कागदावर लिहून दिलं, ई नाही, सर्व्हिंग, वाचून पण दाखवलं. तो म्हणाला वहिनी काळजी करू नका, इथे डझनभर बोर्ड केलेत मी. मी आत घावणे टाकायला गेले. बाहेर आले तर आयएनजी एकदम झकास, माडाच्या हिरव्याशी मॅचिंग, पण ई जागच्या जागी. का म्हणून विचारलं तर म्हणतो चांगली सुकलेली ई होती, खरवडली तर खालचा पिवळा निघाला असता.

सासूबाई म्हणाल्या असू दे, माणसं जेवायला येतात, वाचायला नाही.

निवृत्त_मास्तरीण:

मी म्हटलं होतं.

देवगडचो_झिलगो:

ताई, ई लहान लिपीतली आहे ना? गोलच असते ती. तिच्यावर एक कासव काढून घ्या, चार पाय आणि डोकं लावलं की झालं.

आणि हो, तो सोमवारचा मेल बदलून पाठवला, 'वी अवेट युअर पेमेंट'. अर्धे पैसे आले.

वेळासची_सून:

विचारलं पेंटरला. कासवाचे दोनशे वेगळे म्हणतो.